ह्यांचाही बिल्ला मीच उलटला

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून धाकट्याने आम्हा दोघांना या जहाजावर आणलं. छोटं जहाज, वीसेक प्रवासी. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि पक्षी, कासवं, मगरी बघायच्या. मी म्हटलं, "मगर बघायला एवढ्या लांब कशाला? तुझी आत्या आहे की घरात." हे नेहमीसारखे खाली बघून हसले. ह्यांना ऐकू कमी येतं, पण बहिणीवरचं बोलणं बरोबर ऐकू येतं.

जहाजावर एक नियम फार कडक. जिन्याशी पाटी आणि पाटीवर प्रत्येकाच्या नंबराचा बिल्ला. होडीतून बेटावर जाताना बिल्ल्याची लाल बाजू वर करायची, परत आलं की पांढरी. ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा. पक्षी दाखवणाऱ्या पोराने हे तीनदा बजावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली असले तरी लाल-पांढरं मला कळतं.

आज सकाळी बेटावरून निघताना मी, धाकटा आणि सूनबाई पहिल्या होडीत बसलो. हे म्हणाले, "तू हो पुढे. मी झुडपामागची पिल्लं बघून येतो."

जहाजावर आल्यावर मी माझा बिल्ला उलटला आणि हातासरशी ह्यांचाही. मागून येतच होते, आणि विसरले असते तर पक्षीवाला चारचौघांत बोलला असता. माझ्या नवऱ्याला बोलायचं ते मी बोलेन.

तिकडे पक्षीवाल्याने बिनतारीवर विचारलं, "लाल किती उरले?" इथून सांगितलं, "पाच." त्याच्यापुढे पाच जण उभे होते. तो त्यांना घेऊन निघाला. ओहोटी लागली म्हणून जहाजही खोल पाण्याकडे सरकलं.

जेवायला बसलो तेव्हा ह्यांची खुर्ची रिकामी.

जहाज वळवलं. पण तोवर पाणी उतरून बेटाभोवती नुसता चिखल उघडा पडला होता. होडी दोनदा गेली, दोनदा रुतली, मागे आली.

"भरतीशिवाय जमायचं नाही, आजी," कप्तान म्हणाला. "तीन तास तरी."

"तीन तास? त्यांना जेवणाआधीची गोळी असते!"

"चिखलात माणूस छातीपर्यंत रुततो. आणि दुपारी मगरी तिथेच उन्हाला येतात."

धाकटा म्हणाला, "आई, तू बस जरा."

"मी बसू? बापाला चिखलात टाकून?" कोणी टाकलं ते सूनबाई बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुर्बिणीतून बघितलं. हे वाळूवर शांत बसले होते. ही बघेल काय ते, असा चेहरा. या चेहऱ्यावर मी पन्नास वर्षं संसार केला. मला राहवलं नाही. मी कठड्याशी जाऊन दोन्ही हात हलवले, ओरडले, "बसून राहा! हलू नका!"

एवढ्या लांबून ह्यांना काय ऐकू जाणार? हात तेवढे दिसले. मी हात केला की हे येतात, बाजारात, लग्नमांडवात, कुठेही. हे उठले, चपला काढून हातात घेतल्या आणि चिखलात उतरले.

"आजी, हात खाली!" कप्तान ओरडला. "ते तुमच्याकडे बघून येताहेत!"

मी हात खाली घेतले. हे थांबले, गुडघ्यापर्यंत चिखलात. मागे फिरा हे हाताने कसं सांगायचं? कसाही हलवला तरी ह्यांना तो 'ये' असाच दिसणार. मी हात पदराखाली गुंडाळून घेतले. माशी नाकावर बसली तरी हात काढला नाही.

हे तिथेच उभे, माझ्याकडे तोंड करून. मी काय सांगते याची वाट बघत.