पट्टी

"ह्या घाणीत माझी लेकरं जेवायची होय?" असं ओरडत दिरानं भावजयीची खाट उचलली आणि शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन टाकली. भावजय म्हणजे त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. ह्याला अंगाखांद्यावर वाढवलं ते तिनंच. पण छातीतली गाठ सडून फुटली अन् ती नकोशी झाली. दवाखान्यानं हात टेकले होते. रोज जखम धुवा, पट्टी बदला, एवढंच सांगून घरी धाडलं होतं.

आमचं घर त्या गोठ्याला भिंत लावून. ऊन तापलं की असा भपकारा यायचा की घास तोंडातच फिरायचा. आळीतल्या बाया दारं लावून बसायच्या. मीही बसायचे.

एक दिवस तिचं कण्हणं ऐकवेना, तशी आळीतली लोहारीण गोठ्यात शिरली. मी तिच्या मागं. पट्टी सोडली, तर जखमेत अळ्या वळवळत होत्या. खाली लेंड्या, वर माश्यांचं मोहोळ. लोहारीण पळत बाहेर आली अन् भिंतीशी भडाभडा ओकली.

"चल बाई घरी," मी म्हटलं.

तिनं तोंड पुसलं, पदर नाकाला आवळून बांधला. "पाणी तापव, मीठ घाल. परटिणीला म्हणावं, धुतलेली जुनी कापडं दे."

आम्ही परत आत गेलो, तशी भावजयीनं तोंड फिरवलं. "नका गं बायांनो. किळस येईल."

"येतेच की! खोटं कशाला बोलू? हात वर कर."

दुसऱ्या दिवशी परटीण स्वतःच मदतीला आली, मग कुंभारीण. चौथ्या दिवशी आम्ही खाट उचलून परत घराकडं नेली. दीर दारात आडवा आला. "माझ्या घरात घाण आणता?"

"घाण उंबऱ्यातच उभी आहे," लोहारीण म्हणाली. "सरक बाजूला."

तो बायकापोरं घेऊन रानातल्या खोपीत राहायला गेला. गेला तर गेला!

राखेनं घासून घासून हात सोलले, तरी वास जाईना. तसल्याच हातांनी आम्ही संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून जेवायचो. घास घशाशी यायचा. एकदा परटिणीनं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. भावजय खुदकन हसली, हसताना कळ आली, पट्टी भिजली. आम्ही ताटं सारली अन् पुन्हा पाणी तापवायला उठलो.