पाय उचलला की थांबणारे प्रश्न

देवमन बी.एस्सी. झाला होता, तरी वाशीमच्या एका हायस्कुलात तो प्रयोगशाळेतला मदतनीस होता. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरून ठेवायचे, सुट्टी झाली की कपाटाला कुलूप लावून घरी यायचं. एवढं शिकून ही नोकरी काहून, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "इंटरव्ह्यूत जमलं नाई." त्यापुढं एक शब्द नाही. बायको रुख्मिणीलाही त्यानं त्याहून जास्त सांगितलं नव्हतं.

वस्तीतली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं तेव्हा भराभर शिकत होती. बाप बौद्ध झाले तेव्हा कडेवर असलेली पोरं आता बी.ए., बी.कॉम. झाली होती. नोकरीचे कॉल यायचे. पोरगा इस्तरीचा शर्ट घालून अकोल्याच्या गाडीत बसायचा आणि संध्याकाळी मान खाली घालून परत यायचा. लेखी परीक्षा पास, तोंडीत गेला. टेबलापलीकडचे साहेब, त्यांची पुस्तकी भाषा, आणि त्यांच्यासमोर आपला आवाज काढणं. याची सवय व्हावी तरी कुठून?

शहात्तर साली सादिकच्या दुकानात कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला. सादिक बसस्टँडमागं रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा मेहुणा कुवेतला होता, त्यानं तो आणला होता. देवमन आणि सादिक शाळेपासूनचे दोस्त. कॅसेटमधून स्वतःचा आवाज ऐकला तेव्हाच देवमनच्या डोक्यात आलं.

"सादिक, याच्यात साहेबाचे प्रश्न भरले तर? पोरानं बसायचं, ऐकायचं, उत्तर द्यायचं. मनातली भीती इथंच जिरून जाईन."

"भर ना. मशीन तर पडूनच हाय," सादिक म्हणाला.

पहिला प्रयोग फसला. यंत्राला पाच-सहा खटके. पोरं आधीच घाबरलेली, त्यात कोणता खटका दाबायचा हे कळेना. एकानं लाल खटका दाबला, अर्धे प्रश्न पुसले गेले आणि त्याच्या खाकरण्याचा आवाज तेवढा भरला गेला. सादिकनं कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारका तुकडा मोडून टाकला, म्हणजे पुन्हा काही पुसलं जाऊ नये. पण देवमनचं समाधान होईना.

"हे मशीन पोरायले भेववून राह्यलं," तो म्हणाला. "ज्याले मशीन म्हंजे काय हेच मालूम नाई, त्याले बी हे वापरता आलं पाह्यजे."

सादिकची आई हलिमा मागच्या खोलीत शिलाई मशीन चालवत होती. तिचा पाय चालला की सुई चालायची, थांबला की थांबायची. देवमन बराच वेळ तिच्या पायाकडं बघत राहिला. मग दोघांनी लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये स्प्रिंग आणि घंटीचं बटण बसवलं आणि त्याची वायर टेपरेकॉर्डरला जोडली. पाय दाबला की टेप चालू. प्रश्न ऐकून झाला की पाय उचलायचा, टेप गप्प. मग हवा तेवढा वेळ विचार करायचा, उत्तर द्यायचं, आणि तयारी झाली की पुन्हा पाय दाबायचा. हात मोकळे, मांडीवर ठेवलेले, साहेबासमोर ठेवतात तसे.

आवाज देवमननंच भरला. वस्तीत बोलायचा तो आवाज नाही, नागपूरला इंटरव्ह्यूत ऐकलेला तो जाडा, कंटाळलेला, साहेबी आवाज. "आपलं पूर्ण नाव सांगा. हीच नोकरी आपल्याला का हवी? पंचवार्षिक योजना म्हणजे काय?" ऐकून सादिक हसत हसत उभा राहिला आणि त्यानं टेपरेकॉर्डरला सलाम ठोकला.

"अजून काई पुसतात का रे ते लोक?" त्यानं विचारलं.

देवमननं टेप मागं फिरवली. "नाई. एवढंच."

ते खरं नव्हतं. नागपूरच्या त्या खोलीत रसायनशास्त्राचे सगळे प्रश्न देवमननं बरोबर सोडवले होते. शेवटी एका साहेबानं अर्ज पुन्हा वर घेतला, त्यावरचं आडनाव वाचलं आणि हसत विचारलं, "मग तुमच्या घरी आता मेलेली ढोरं कोण ओढतं?" बाकीचेही हसले. देवमनच्या बापानं ते काम केलं होतं आणि एक दिवस कायमचं टाकूनही दिलं होतं. ते टाकताना घरात झालेली उपासमार देवमनला आठवत होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यातलं काहीच त्याला बोलता आलं नाही. तो उठून बाहेर आला आणि पुन्हा कुठंच अर्ज केला नाही.

टेपवर तो प्रश्न भरायला तो दुकानात एकटा बसलाही होता. पहिले दोन शब्द बोलून त्यानं खटका बंद केला. पोरांनी हे इथं, आपल्याच माणसाच्या आवाजात कशाला ऐकायचं, असं त्यानं मनाला समजावलं. आणि सगळेच साहेब काही तसे नसतात.

यंत्राचं नाव झालं. पोहरादेवीकडचा धरमसिंग त्यावर सराव करून पोस्टात लागला. मग मुसलमानांची पोरं, माळ्यांची पोरं, सगळेच यायला लागले. प्रश्न ऐकायचा, पाय उचलायचा, छातीत हवा भरून घ्यायची, मग बोलायचं. भीती खरंच कमी व्हायची.

इंझोरीचा भिवाजी त्या सगळ्यांत हुशार. बी.कॉम. पहिल्या वर्गात पास. बाप लहानपणीच गेलेला, आई चंपाबाई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. दर रविवारी तो एस.टी.नं यायचा आणि दुकान बंद होईपर्यंत पायाखाली ती फळी घेऊन बसायचा. अकोल्याच्या एका मोठ्या कचेरीचा कॉल त्याला आला, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी देवमननं स्वतःची चामडी चप्पल त्याच्या पायात घातली.

"तू लागलाच समज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिवाजी सरळ दुकानात आला. चप्पल काढून देवमनसमोर ठेवली आणि स्टुलावर बसला.

"चांगलं चाल्लं होतं सर. समदं येत होतं. मंग एकानं पुसलं, आता तुमच्याकडची ढोरं कोण वढते म्हणून. समदे हसले." त्यानं खाली पायाकडं पाहिलं. "मी पाय उचलला, सर. खुर्चीखाली पाय उचलला मी. वाटलं, आता हे थांबन, मले इचार करू देईन. पण ते थांबलेच नाई. एकावर एक बोलतच राह्यले. मले काईच सुचलं नाई."

सादिकनं हातातली कैची खाली ठेवली. देवमनला आता गप्प बसता येईना.

"मले बी हेच पुसलं होतं, भिवाजी. नागपूरले."

भिवाजीनं मान वर केली. "तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाई टाकला थो टेपात?"

शरम वाटली म्हणावं, तर ज्यानं आत्ताच ती शरम सोसली त्याच्यासमोर ते म्हणायचं कसं? "मले बोलताच नाई आलं," एवढंच देवमन पुटपुटला.

"तुमी इथं, सादिकभाईच्या दुकानात इचारलं असतं, तर मी इथंच रडलो असतो," भिवाजी शांतपणे म्हणाला. "इथं रडलेलं चाललं असतं सर." आणि तो अनवाणी बसस्टँडकडं निघून गेला. आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या त्याच्या जुन्या चपला दुकानाच्या पायरीपाशीच राहिल्या. देवमन त्या घेऊन धावला, पण इंझोरीकडं जाणारी मानोऱ्याची गाडी सुटली होती.

पुढचे रविवार भिवाजी आला नाही. देवमन इंझोरीला गेला. चंपाबाईनं त्याला पाणी दिलं, बाजेवर बसवलं.

"थो कारंज्याले गेला, जिनात. कापसाच्या गाठी उचलाले," ती म्हणाली. "नोकरीचे फारम आले दोन, पण हात नाई लावला त्यानं. म्हणे, पुन्हा नाई जात मी तिथं. काय झालं हो गुरुजी तिथं? मले तर सांगत नाई."

देवमननं चपला तेवढ्या तिच्या हातात दिल्या.

घरी येऊन त्यानं रुख्मिणीला सगळं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढे वर्ष तुमी एकट्यानंच हे पोटात ठेवलं? माह्या बापानं बी तेच काम केलं. मी कोनाले भेत नाई सांगाले."

नव्या कॅसेटवर त्यानं तो प्रश्न भरला, हसण्यासकट. सादिकला आणि आणखी दोघांना सोबत बसवून हसवलं. आणि तो प्रश्न आला की पाय उचलला तरी टेप थांबू नये, म्हणून सादिककडून वायरीत स्वतःच्या हाताशी एक खटका बसवून घेतला. पहिल्यांदा ऐकणारी पोरं लाल व्हायची, कोणी उठून जायचं, कोणी रडायचं. देवमन त्यांच्यापाशी बसून राहायचा. पुन्हा बसवायचा. काही दिवसांनी पोरं त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागली. प्रत्येकाचं वेगळं. कोणी रागानं, कोणी थंडपणे, आपल्या बापाचं नाव घेऊन.

दोनेक वर्षांनी भिवाजीची धाकटी बहीण बेबी दुकानात आली. भिवाजीनंच तिला पाठवलं होतं. तो स्वतः बसस्टँडवर थांबला होता. ती पोरगी पायाखालची फळी बाजूला सारून बसली. "मले याची गरज नाई," म्हणाली. "तुमीच तोंडानं इचारा." देवमननं तो प्रश्न विचारला. ती न अडखळता बोलली. पुढं ती ग्रामसेविका झाली.

बेबी दुकानात आली त्या दिवशी देवमन तिच्यासोबत बसस्टँडवर गेला. भिवाजी ओळखू आला, पण खांदे रुंदावले होते आणि केसांत रुई अडकली होती.

"जय भीम, सर."

"जय भीम. भिवाजी, अजून बी येळ गेली नाई. तू एकदा..."

"बेबीचा सराव चांगला घेतला म्हणे तुमी," भिवाजी मधेच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मले आता त्याची हौस नाई राह्यली. तिचं होऊ द्या."

दोघं बाकावर बसले. सादिकनं चहा पाठवला, तो त्यांनी घेतला. पाऊसपाणी, कापसाचा भाव, चंपाबाईचे गुडघे, असं काहीबाही बोलणं झालं. मग कारंज्याची गाडी लागली आणि भिवाजी उठला. बहिणीची पिशवी त्यानं खांद्याला लावली, तिला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः उभाच राहिला. गाडी निघाली तशी बेबीनं हात हलवला. देवमननंही हलवला, आणि गाडी मंगरुळच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.