फक्त रस्ता ओलांडायचा

मतदारसंघांचा नवा नकाशा घेऊन डेल्टन प्रूइट आला तेव्हा रोवीना गॅडी पोर्चमध्ये बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. प्रूइट हा तिच्या पक्षाचा राजधानीतला माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि बातमी जितकी वाईट तितका हातातला खाऊ मोठा. आज त्यानं पीच घातलेला अख्खा केक आणला होता. तो बघूनच रोवीनानं शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं.

“किती वाईट आहे?” तिनं विचारलं.

“तुमचा मतदारसंघ शाबूत आहे, मिस रोवीना,” प्रूइट म्हणाला. “फक्त तुम्ही त्यात नाही.”

विधिमंडळात बहुमत असलेल्या विरोधी पक्षानं ओढलेली रेघ नदीवरून येत होती, बंद पडलेल्या कापडगिरणीला वळसा घालून बॉबिन स्ट्रीटवर चढत होती आणि तिथून थेट रस्त्याच्या मधोमध, पिवळ्या पट्ट्यावरून पुढं जात होती. समोरची घरं आत, रोवीनाच्या बाजूची बाहेर. इतकी वर्षं आमदार असलेल्या बाईला आता स्वतःच्याच मतदारसंघात उभं राहता येणार नव्हतं. हा काही चुकून लागलेला हात नव्हता. रेघ ओढणाऱ्यांना तिचा पत्ता चांगला ठाऊक होता, त्यातले दोघं तर तिच्या हातचं जेवूनही गेले होते.

त्यांचं गणित सरळ होतं. राज्यपाल लोकांनी निवडून दिलेले, रोवीनाच्या पक्षाचे. त्यांनी एखादा कायदा नाकारला, की तो नकार मोडून काढायला बहुमतवाल्यांना एक जागा कमी पडायची. फक्त एक. काउंटीच्या, म्हणजे त्यांच्या जिल्ह्याच्या, एकुलत्या एका दवाखान्याचं अनुदान त्या एका जागेवर तगून होतं. ती जागा कुठून ना कुठून मिळावी म्हणून त्यांनी राज्यभर चार-पाच ठिकाणी अशाच रेघा फिरवल्या होत्या.

“समोरचं हॅरिसांचं घर रिकामं आहे,” प्रूइट म्हणाला. “नियम एवढाच, की निवडणुकीआधी वर्षभर मतदारसंघात राहायला हवं. तुम्हाला गाव सोडायचं नाही, गल्ली सोडायची नाही. फक्त रस्ता ओलांडायचा.”

रोवीनानं आत बघितलं. आत तिचा नवरा थर्मन होता.

थर्मन गॅडीनं जन्मभर गिरणीत माग दुरुस्त केले होते. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. आता त्याच्या डोक्यातून माणसं, वार, महिने एकेक करून निघून चालले होते. पण घर मात्र हातापायांत मुरलं होतं. पलंगावरून उठला की डावीकडे वळायचा, भिंतीवरून हात फिरवत बाथरूममध्ये जायचा, परत यायचा, आणि स्वयंपाकघरात जाऊन रोवीनाला नावानं हाक मारायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “त्यांना घरातून हलवू नका. सध्या घरच त्यांना सांभाळतंय.”

हे तिनं शेजारच्या इमोजीनला सांगितलं. चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसत.

“अगं, घर कुठं बदलतंय?” इमोजीन म्हणाली. “सगळी घरं गिरणीनं एका साच्यातून काढलेली. तेवढ्याच खोल्या, तेवढीच दारं. तुझा पलंग, तुझी टेबलं तिकडं तश्शीच मांडू. त्याला पत्ता लागणार नाही. आणि दवाखाना बंद झाला, तर त्याला घेऊन जाणार कुठं तू?”

गिरणीच्या वस्तीतला कुणीही हेच म्हणाला असता. आमची घरं सगळी एकसारखी, हे तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत, आणि रोवीनाही बोलत आली होती. हॅरिसांकडे ती बारशाला गेली होती, मयताला गेली होती. कधी काही वेगळं जाणवलं नव्हतं. शहाण्या माणसाला जाणवत नाही.

ती हो म्हणाली.

शनिवारी चर्चमधली माणसं आली. गाड्या थांबवून पलंग, कपाट, फ्रिज हातांवर पलीकडे नेलं. हसणं, खिदळणं, मध्येच गाणं. थर्मननंही आपली खुर्ची उचलली आणि रस्त्याच्या मधोमध थांबला.

“घर कोण सोडतंय?” त्यानं विचारलं.

“आपणच, राजा.”

“आपण?” त्याचा चेहरा पडला. “का? गिरणीनं काढलं की काय मला?”

पूर्वी कामावरून काढलं की घरही जायचं, ते कुठून तरी त्याला आठवलं होतं. माणसं हसायची थांबली. रोवीना म्हणाली, “तुला कोण काढतंय? चल, गाड्या खोळंबल्यात.”

पहिल्या सकाळी तिला जाग आली ती धपधप आवाजानं. थर्मन पलंगावरून उठून डावीकडे वळला होता आणि भिंतीवर तळहात आपटत होता. पायजमा ओला झाला होता.

“इथलं दार कुणी बुजवलं?” तो म्हणाला.

रोवीना त्याच्या मागं उभी राहिली आणि तिला सगळं एकदम दिसलं. गिरणीनं घरं बांधली होती समोरासमोर, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत तशी. तेवढ्याच खोल्या, तेवढीच दारं, पण तिकडचं डावं ते इकडचं उजवं. टेबलं तिनं हवी तशी मांडली, पण भिंती कुठून मांडणार? त्याचा पायजमा बदलताना ती रडली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. ती कशाला रडतेय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिनं प्रूइटला फोन केला. “मी परत जाते.”

“तर मग जागा गेली म्हणून समजा,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर उतरला होता. “वर्षभर तग धरा, मिस रोवीना.”

तिनं धरला. विरोधकांची माणसं कोपऱ्यावर गाडी लावून बसत आणि कुठल्या घरात दिवा लागतो त्याचे फोटो काढत, म्हणून जुन्या घराची वीजच तोडून टाकली. तिथं घटकाभर बसायचीही चोरी. रोवीना दारोदार मतं मागत फिरायची, थर्मनजवळ इमोजीन बसायची. तो दिवसभर पोर्चमध्ये, समोरच्या घरावर नजर लावून.

“अंधार पडला, दिवा लागला नाही,” तो म्हणायचा. “रोवीना अजून आली नाही.”

सुरुवातीला ती म्हणायची, “मी ही काय इथं,” आणि तो ओशाळून हसायचा. मग हसणं कमी झालं. मग तो नुसता तिच्याकडे बघायचा, मग परत समोर.

ती निवडून आली, तीही चांगल्या मतांनी. चर्चमध्ये माणसं नाचली. बाकीच्या ठिकाणी मात्र त्या रेघांनी आपलं काम चोख केलं होतं. बहुमतवाल्यांना एक जागा हवी होती, मिळाल्या तीन.

दवाखान्याचं अनुदान बंद करायचा कायदा आला. राज्यपालांनी नाकारला. सभागृहात रोवीनानं राज्यपालांच्या बाजूचं बटण दाबलं, तिच्या नावापुढं विरोधाचा लाल दिवा लागला, आणि राज्यपालांचा नकार मोडून कायदा मंजूर झाला. तिचं मत नसतं तरी तेच झालं असतं. होतं, तरी तेच झालं. ज्या खुर्चीसाठी एवढं केलं, ती आपल्याखाली आहे याची तिला पहिल्यांदा शरम वाटली.

शुक्रवारी दुपारी ती घरी आली. इमोजीन तिला बघून आपल्या घरी गेली. थर्मन पोर्चमध्ये होता. त्यानं उठून टोपी काढली.

“बसा, बाई. उन्हातून आलात.”

ती बसली.

“एक काम कराल?” तो हळू आवाजात म्हणाला. “इथली माणसं चांगली आहेत. जेवायला घालतात, अंघोळ घालतात. पण मला पलीकडं सोडा. ते समोरचं घर माझं.”

“तिथं कुणी राहत नाही, थर्मन.”

“राहते की. माझी बायको राहते.” तो तिला समजावल्यासारखा बोलत होता. “लोकं म्हणतात ती गेली. लोकांचं काय? रोवीना घर सोडून जाणाऱ्यातली नाही.”

तिनं त्याचा हात धरला. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत राहिला. मग तिला वाईट वाटू नये अशा बेतानं त्यानं आपला हात सोडवून घेतला.

“माफ करा, बाई,” तो म्हणाला. “माझं लग्न झालंय.”