दातांवरच्या चार रेघा

हडपसरला दत्तोबा पाटलांच्या नव्या इमारतीचा पाया खणताना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अकरा लहान मुलांचे सांगाडे निघाले आणि काम थांबलं. तपासणीसाठी हाडांची तज्ज्ञ हेमा आली. तीन आठवडे ती पत्र्याच्या शेडमध्ये एकेक दात भिंगाखाली धरत होती. तिचा अहवाल आला की काम सुरू, आणि फाटकाशी संगमरवरी पाटी. दत्तोबांच्या पणजोबांच्या नावाची ती पाटी कोरून शेडमध्येच आडवी ठेवली होती : ‘दुष्काळात पाटलांनी धान्याचं पेव उघडलं. गावात कोणी उपाशी मेलं नाही.’

“मॅडम, पिलेग लिवा की,” दत्तोबा म्हणाले. “समद्या पुण्यात हुता. आमच्या गावाला बरा सोडंल?”

“प्लेग चार दिवसांत माणूस नेतो, पाटील. हाडांवर खूण ठेवायला त्याला सवड नसते.” हेमाने एक इवलासा दात पुढे केला. “या आडव्या रेघा बघा. दात घडत असताना चार वेळा अंगाची वाढ थांबली. एखादी रेघ आजारपणाची म्हणता येईल. पण अकरापैकी नऊ जणांना? ही भूक आहे.”

“रेघोट्यांवरनं माझा पणजा खोटा?”

“पणजोबांचं नाव माझ्या अहवालात नाही. पाटीवर तुम्हीच घातलंय.”

“दुसरा तपासनीस आणतो!”

“अवश्य आणा. दात हेच राहतील.”

कोपऱ्यात माती चाळणाऱ्या सोजरबाईंनी चाळणी खाली ठेवली. सत्तरी उलटलेली ही बाई याच गावची. “ताई, दाढांचं टवकं उडाल्यात का?”

हेमा चमकली. टवके होते. अहवालात तिने पुढे ‘कारण अज्ञात’ लिहिलं होतं.

सोजरबाईंनी पदराची गाठ सोडली. पितृपंधरवडा चालू होता. “आमच्या घरात पितरांना खीर न्हाय ठेवत. भाजलेलं चिंचोकं ठेवत्यात. दुष्काळात पोरं हेच खाऊन मेली, म्हून.” त्यांनी चिंचोके थेट त्या संगमरवरी पाटीवर ओतले. “दत्तू, पेव उघडं हुतं तर पोरं हे कशापायी खात हुती? चाव की एक.”

दत्तोबांनी हात लावला नाही.

हेमाने ‘कारण अज्ञात’ खोडलं. ‘बहुधा चिंचोके,’ तिने लिहिलं, ‘माहिती : सोजरबाई, राहणार याच गावी.’ खाली सही केली आणि एक प्रत दत्तोबांपुढे सरकवली.

“घ्या. पाटी पुन्हा कोरून घ्याल, तेव्हा मजकुराला उपयोगी पडेल.”