देवांना दिलेलं आवतण

मी कोलशेतची धवलारीण. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. गावदेवीला, खाडीतल्या देवांना एकेकाचं नाव घेऊन आवतण द्यायचं आणि धवला म्हणायचा. देव मांडवात आले की ठरलेलं मोडत नाय. नवरा पुढे दारुडा निघो, धवला झाला म्हणजे झाला.

खाडीकाठी आमचं मैदान आहे. जाळी तिथेच सुकतात, मासळी तिथेच. एका बिल्डरला तिथे टॉवर हवा होता. मोजणीवाले आले तेव्हा माझ्या बहिणीचा साईनाथ म्हणाला, "मावशी, भाषणं कोण ऐकतं? तू गा." मी हळदीच्या चालीवर गाणं जोडलं, 'आमच्या खाडीला कुलूप लावणारा तू कोण रे दादा?' बाया मोजणीवाल्यांपुढे बसल्या आणि टाळ्या वाजवत तेच म्हणत राहिल्या. बंदोबस्ताला आलेली पोलीसबाईसुद्धा पायाने ताल धरायला लागली. मोजणीवाले परत आले की परत तेच. मोजणी काही झाली नाय. साईनाथला लोक नेता म्हणायला लागले, आणि मला मेलीला त्याचा कोण अभिमान.

मागच्या महिन्यात तो पेढे घेऊन आलेला. "मैदानाचा निकाल लागला, मावशी. कल्याणला सभा आहे, सगळ्या बायांना घेऊन ये. पण आंदोलनाचं गाणं नको हां. धवला गा, शुभकार्य आहे."

"निकाल आपल्या बाजूने ना रे?"

"अगं, मी आहे ना."

त्याने हो म्हटलंच नव्हतं. पेढा तोंडात होता, माझ्या ध्यानात आलं नाय.

स्टेजवरून मी देवांना बोलावलं. मागे आवडाबाई होती, मी गायलेल्या पहिल्या मांडवापासून माझ्या जोडीला गाणारी. धवला संपला आणि साईनाथने बिल्डरच्या माणसाचा हात धरून वर केला. "कोलशेतने मैदान विकासाला दिलं. आत्ताच, देवांच्या साक्षीने. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

मी माइककडे धावले, तोवर बँजो सुरू झालेला. स्टेजमागे त्याची कॉलर धरली. "मुडद्या, मला आधी का नाय सांगितलंस?"

"तू गायली नसतीस." कॉलर सोडवायचाही प्रयत्न केला नाय त्याने. "आणि तू गायली नसतीस, तर गावाने मान्य केलं नसतं. माझं कोण ऐकतं, मावशी?"

हे तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त आग लागली.

गावात येऊन बायांना देवळात जमवलं. म्हटलं, मला फसवलं, तो धवला खोटा, धरू नका. मग आवडाबाई म्हणाली, "रंगू, देवांना तू बोलावलंस. ते आले. आता त्यांना काय सांगू, आमची थट्टा होती म्हणून? उद्या नवरा पटला नाय की प्रत्येक पोरगी येईल, म्हणेल, माझाही धवला खोटा."

"अगं, पण मैदान जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

सकाळी बाया मैदानावर जाळी उचलायला गेल्या. साईनाथला शिव्या देत होत्या, पण उचलत होत्या. आवडाबाईचं जाळं मोठं, एकटीला गुंडाळता येईना. दुसरं टोक धरायला तिने मला हाक मारली, आणि मी गेले.