सात औट साडेपंचवीस

सुलोचनाबाईंनी एकाच आठवड्यात दोनदा दूध करपवलं, तेव्हा त्यांचा नवरा कृष्णनाथ शिंपी धास्तावला: बाई विसरायला लागल्या की काय? बाई पेडण्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाकडून त्यांनी पाढे पाठ करून घेतले, सुटला तो फक्त घरचा नवरा.

त्यात पणजी शहरात राहणारा मुलगा गौरेश आईबापांचं डोकं कधी चालेनासं होतंय यावर टपूनच बसलेला. "तुमच्यातल्या एकाची जरी तकली चलना जाली, तर घराक कुलूप आनी दोगांय पणजेक!" असं त्याने बजावलं होतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, येऊन तो काय ते ठरवणार होता. तिथे तिसऱ्या मजल्यावर बसून कृष्णनाथने करायचं काय? खालच्या बसगाड्या मोजायच्या?

नवऱ्याचं डोकं गंजू नये म्हणून सकाळी चहाबरोबर उंडा, म्हणजे गोल पाव, खाताना पाढे म्हणायची टूम बाईंनीच काढली होती. करपलेल्या दुधानंतर कृष्णनाथने त्याच टुमेत आपला डाव बसवला. आपण मुद्दाम चुकायचं आणि बाईंच्या लक्षात येतं का, ते बघायचं.

पण मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर काय ते यायला हवं! नुकतंच गोव्याचं राज्य झालेलं, बाजारात कोकणी की मराठी यावरून लोक हातघाईवर आलेले, आणि हा बाबा सत्तरीला टेकून शिवणमशीनच्या तालावर साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, घोकत होता.

बाई रोज चूक पकडत आणि कृष्णनाथ खुशीत दुसरा उंडा घेई.

चवथ तोंडावर आली. "सात औट साडेपंचवीस," कृष्णनाथ म्हणाला.

"फुडे?" बाई शांतपणे म्हणाल्या.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, "साडेपंचवीस!"

"आयकलां. फुडे म्हणा."

त्याचे डोळे भरूनच आले. "साडेचोवीस गो ते, सुलोचने! तुका कळूक ना?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "कळला तर! रोज मीच सांगतंय. आज म्हटलां, गप रवान बगूया, तुमचा तुमका कळता काय. देव पावलो!"

"म्हणजे तू माझी परीक्षा घेय होतंस? आनी दूध करपलां ता?"

बाई ओशाळल्या. "तुमका विचारतलंय, तर माका येवक नको? चुलीकडे औटकी घोकी होतंय."

दोघंही पोट धरून हसली.

चवथीला गौरेश आला. आरती झाल्यावर दोघांनी त्याच्यासमोर औटकी सुरू केली, शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात. गाडी झकास चालली होती. सोळा औटला मात्र बाई अडल्या. कृष्णनाथने त्यांच्याकडे पाहिलं. ही परीक्षा नव्हती. बाईंना खरंच आठवत नव्हतं, आणि त्या घाबरल्या होत्या.

त्याला जोराचा ठसका लागला. गौरेश पाणी आणायला आत धावला.

"छप्पन्न," कृष्णनाथ हळूच म्हणाला.

तांब्या घेऊन गौरेश परतला, तेव्हा बाई खणखणीत आवाजात "सतरा औट साडेएकोणसाठ" म्हणत होत्या. नवऱ्याचा हात मात्र त्यांनी वीस औट सत्तर होईपर्यंत सोडला नाही.