सेहेचाळीस ठोके

आरोग्य शिबिरातल्या माणसानं दीपमालाचं मनगट धरलं, घड्याळात बघून ठोके मोजले, पुन्हा मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मिनिटाला सेहेचाळीस फक्त. हृदय कमजोर आहे. जड काम बंद, आणि पळणं तर अजिबात नको." झालं! कार्डावर तेवढं खरडून तो पुढच्या बाईकडं वळला. तू दिवसभर काय करतेस, एवढं एक विचारायला काही त्याची जीभ झिजली नसती.

ऊसतोडीला टोळी निघायच्या आधी वडवणीजवळच्या त्या वस्तीवर असं शिबिर लागायचं. बायांचं वजन, रक्त, ठोके बघायचे आणि कार्ड हातात द्यायचं. दीपमाला तर टोळीबरोबर जाणारही नव्हती. सोमवारी बीडला तिचं पोलीस भरतीचं मैदान होतं, आठशे मीटर पळायचं होतं. मागच्या खेपेला दोन गुणांनी हुकलं होतं आणि पुढची भरती कधी निघेल ते देवाला ठाऊक. मायच्या सोबतीला म्हणून ती रांगेत उभी राहिली आणि फुकटचं दुखणं पदरात घेऊन आली.

बापानं, पंडितनं, कार्ड वाचलं आणि तो ओट्यावर मटकन बसला. "मैदान गेलं चुलीत. सोमवारी तू घरीच."

"आबा, मला काय बी झालेलं न्हाई! परवाच दोन चाळीसमधी आठशे मारलं म्या."

"म्हणूनच थकलं आसंल ते हृदय! कावून जिवावर उठलीस?"

पंडित काही दुष्ट माणूस नव्हता. गेल्या हंगामात टोळीतला एक गडी फडातच छातीला हात लावून खाली बसला होता, तो परत उठलाच नाही. त्याला ट्रॅक्टरवर ठेवताना पाय पंडितनंच धरले होते. पंडितला लेकीच्या जिवाची भीती वाटत होती आणि ती भीती रागाच्या आवाजात बाहेर पडत होती.

दीपमालाला रडू नाही, संताप आला. दोन वर्षं रोज पहाटे ती तलावाच्या बांधावर पळत होती. आपलं अंग तिला पाठ होतं. पहिल्या चारशेला हात राखून पळायचं, सहाशेला मांड्यांत आग पेटते तिला भ्यायचं नाही, तिथून पुढं श्वास मोजत सुटायचं. एवढं ठाऊक असूनसुद्धा आता तिचा हात सारखा छातीकडं जात होता, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

ती तडक गावातल्या आशा सेविकेला, सायलीला, घेऊन आली. सायलीकडं कोरोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र होतं.

"चक्कर येती का?" सायलीनं विचारलं. "पळताना छातीत कळ? डोळ्यांपुढं अंधारी?"

"कदीच न्हाई."

"मग बस गुमान." ठोक्यांचा आकडा आला सत्तेचाळीस. "आता पाण्याच्या टाकीला दोन चकरा मारून ये. जीव खाऊन पळ."

पंडित आडवा येईस्तोवर पोरगी टाकीपाशी पोचलीसुद्धा. परत आली तेव्हा आकडा होता एकशे अठ्ठ्याहत्तर. पंडितच्या तोंडचं पाणी पळालं. मिनिटभरात एकशे तीस झाला, पाच मिनिटांत चौऱ्याऐंशी.

"बगा काका," सायली म्हणाली, "हृदय बी मांडीसारखंच कमावता येतं. मोठ्या बादलीनं हौद भरायला खेपा कमी लागत्यात ना? हिचं हृदय एका ठोक्यात लई रक्त फेकतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी. काम पडलं की चढतंय, थांबली की पटकन उतरतंय. असं कमजोर हृदय मला द्या की!"

मग काय, यंत्राभोवती जत्राच भरली. दीपमालाचा भाऊ लखन, तोंडात मावा, छाती पुढं काढून बसला, तर चौऱ्याण्णव. "शाब्बास रे पैलवान!" दीपमाला हसली. पंडितचे निघाले अठ्ठ्याऐंशी. गाठोडं बांधत बसलेल्या भिवराबाईचं, म्हणजे मायचं, बोट सायलीनं ओढूनच घेतलं. बावन्न!

"काकू, तुमी कुठं पळता?"

"म्या कशाला पळती बाई? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढती. दिसाला किती खेपा, त्या कोन मोजतंय?"

सगळे हसले. पंडित मात्र हसला नाही. "हे बोटाचं खेळणं हाय. तो माणूस शिकलेला हाय, त्यानं कागदावर लिवलंय."

भिवराबाईनं गाठोडं बाजूला सारलं. ती सहसा नवऱ्यापुढं बोलायची नाही.

"आवं, मला बी एका शिकलेल्यानंच सांगितलं हुतं. पोटात दुखतंय म्हणून गेलते, तर म्हणला, गर्भाची पिशवी खराब हाय, आजच काढा, न्हाईतर कॅन्सर व्हईल. तुमी मान हलवली, म्या बी हलवली. पुन्ना एकदा दुसरीकडं दाखवू, आसं एक माणूस म्हणलं न्हाई. तीस बी वय नव्हतं माझं. तवाधरनं ही कंबर धड न्हाई. आता पोरीच्या बाबतीत म्या मान हलवणार न्हाई. उद्या वडवणीला न्या, हृदयाची पट्टी काढा. खरंच काय निगालं तर म्याच तिला घरी बसवीन."

पंडितनं कार्डाची घडी करून ते खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच त्यानं मोटारसायकल दारात लावली होती. डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी डोळ्यांपुढं धरली, दीपमालाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किती पळतेस गं रोज?"

"आठ किलोमीटर."

"तरीच. छान कमावलंयस हृदय. पळ बिनधास्त." पंडितनं तिथंच टोपी काढून डोळे पुसले.

रविवारी टोळी निघाली, टोळीबरोबर माय पुढं गेली. सोमवारी बीडच्या मैदानावर बंदोबस्ताच्या दोरीबाहेर पंडित एकटाच उभा होता. दीपमालानं पहिली फेरी राखून काढली, पुढं पाच जणी गेल्या तरी बधली नाही. सहाशेला मांड्या पेटल्या. आता आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही, हे तिला पळता पळताच उमगलं आणि ती सुटली. दोन मिनिटं अडतीस सेकंद! वीसपैकी वीस.

बापाच्या फोनवरून तिनं मायला लावला. पलीकडं ऊस तोडल्याचा आवाज चालू होता. वेळ ऐकली आणि कोयता थांबला.

"माझं गेलं ते गेलं, दीपा," माय म्हणाली. "तुझं न्हाई जाऊ दिलं म्या."